हातात मोबाइल दिसला म्हणून पोट भरलेलं नसतं

आमच्या भावकीच्या ग्रुपवर मुंबईच्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला, खाली आत्याने हात जोडले आणि संध्याकाळपर्यंत तो वाडीच्या ग्रुपवरही पोचला. म्हणे, युद्धातून पळालेल्यांच्या हातात महागडे मोबाइल असतात, त्यांना कसली मदत? छावणीत फुकट मिळतं म्हणून ते परत जात नाहीत, सगळे श्रीमंत देशांत घुसतात, आणि मदतीचा पैसा मधल्यामधे गडप होतो.

मोबाइलचंच आधी बघू, कारण सगळ्यांना पटलं ते तेच. काका, जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा रात्रभर फोन कोण लावत होतं? आई माळ्यावर चढली ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कमरेला खोचून. तांदळाची कोठी खालीच राहिली. तिला कोणी विचारलं नाही, फोन आहे तर मदत कशाला म्हणून.

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 ला सैन्य आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर उठली. खार्टूममध्ये अडकलेल्यांसाठी वस्तीतल्याच पोरांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. त्यांना पैसे यायचे ते बरेचसे ‘बँकक’ नावाच्या मोबाइल ॲपवरून, परदेशातल्या सुदानी लोकांकडून. फेब्रुवारी 2024 मध्ये जवळजवळ देशभर नेटवर्क गेलं आणि त्यातल्या कितीतरी चुली बंद पडल्या. आता सांगा, फोन चैनीचा कसा?

फुकट खाण्याचं म्हणाल तर बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्यांना माणशी महिन्याला 12 डॉलरचं रेशन होतं. निधी आटला, तसं जून 2023 पर्यंत ते 8 डॉलरवर आलं. दिवसाचे साधारण 22 रुपये. रीतसर नोकरी करायची परवानगी नाही, आणि परत जायचं ते म्यानमारच्या राखाइन प्रांतातल्या जाळलेल्या गावांत. एवढ्यासाठी कोण मुक्काम ठोकेल?

श्रीमंत देशांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा जून 2025 चा अहवाल उघडा. 2024 अखेर जगात 12 कोटी 32 लाख विस्थापित होते. त्यातले 7 कोटी 35 लाख स्वतःच्याच देशात. सीमा ओलांडलेल्यांपैकीही 67 टक्के शेजारच्याच देशात थांबलेले. सुदानचे लाखो लोक गेले ते चाडमध्ये, जिथे मुळात चाडच्याच लोकांना पुरेसं मिळत नाही.

राहिली पैशाची गळती. हे अगदीच खोटं नाही, मान्य. इथिओपियात मदतीचं धान्य मोठ्या प्रमाणावर पळवलं जात होतं. ते उघड झाल्यावर अमेरिकेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने जून 2023 मध्ये देशभरातलं वाटप थांबवलं, आणि याद्या, गोदामं यांची तपासणी कडक करून काही महिन्यांनी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात उपाशी राहिली ती रेशनच्या रांगेतली माणसं. पोती पळवणारे नव्हेत.