डोंगर पेटवणे म्हणजे नियंत्रित जाळणी नव्हे
होळी जवळ आली की कोल्हापूरच्या ट्रेकर मंडळींत एक संदेश हमखास फिरू लागतो: परदेशांत वनखातेच जंगल जाळते, तेव्हा आपल्याकडे डोंगर पेटवण्यातही गैर काही नाही, राखेने गवत जोमाने येते, गोचिडी मरतात आणि पायवाटा मोकळ्या होतात.

यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो घातक आहे. परदेशांत वनखाते करते ती नियंत्रित जाळणी, आणि ती पाहायला परदेशात जायला नको. गगनबावडा-शाहूवाडीकडचा शेतकरी भाताचा तरवा, म्हणजे रोपे तयार करायचा वाफा, भाजतो, तेव्हा आधी कडेचा पालापाचोळा झाडून घेतो, वारा पडण्याची वाट पाहतो, हिरवा डहाळा हाताशी ठेवतो आणि शेवटची धग विझेपर्यंत बांधावरून हलत नाही. वनखात्याची जाळरेषाही, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून मुद्दाम जाळून मोकळा केलेला पट्टा, ऊन तापण्याआधी, आखलेल्या पट्ट्यातच काढली जाते. मार्चच्या दुपारी पायथ्याला काडी लावून निघून जाणारा यातले काहीच करत नाही, आणि राखीव जंगलात अशी आग लावणे १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

गवताचे म्हणाल, तर बारमाही गवताचे कोंब मुळाशी शाबूत असतात आणि वळवाच्या सरींनी ते न जाळताही फुटतात. वाळका पेंढा नाहीसा झाल्यामुळे कोवळी पाती नजरेत भरतात, इतकेच. राखेत पालाश आणि चुना उरतो खरा, पण नत्राचा मोठा वाटा धुरातून उडून जातो. आणि गगनबावड्यासारख्या, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या भागात उघड्या उतारावरची राख मातीसकट ओढ्याला लागते. जळतात ती जांभळा-हिरड्याची गुडघाभर रोपे आणि गवतातली चंडोलाची अंडी. भुदरगड तालुक्यातले पाटगाव मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथल्या सातेरी माश्यांना ज्या दिवसांत फुलोरा हवा असतो, नेमक्या त्याच दिवसांत वणवे लागतात.

गोचिडी काही मरतात, हे मान्य. पण गुरे आणि गवे पुन्हा फिरकले की त्याही परततात.

राहिली पायवाट. रांगणा किल्ल्याच्या खोऱ्यात वणवा विझल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी चाललो आहे. घोट्यापर्यंत राख, तिच्यात पांढरे पडलेले गोगलगायींचे शंख, आणि वरून थंड दिसणाऱ्या एका बुंध्यावर हात टेकताच आतून आलेली धग. ती वाट मोकळी नव्हती, तिच्या खुणाच पुसल्या गेल्या होत्या. आग चढावर किती वेगाने धावते, याची कल्पना हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांना नसावी: उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून ठेवतात. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर्सचा बळी गेला. म्हणून खालच्या अंगाला धूर दिसला, तर माथा गाठण्याची धडपड करू नका. आडवे सरकून ओढ्याचे पात्र, उघडा कातळ किंवा आधीच जळून थंडावलेली जागा गाठा.