अँटिक पीस ओळखावा कसा?

गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढलात आणि मखरामागे एखादी पिवळी-जांभळी प्लॅस्टिकची बंदूक हाताला लागली, तर सगळ्यात आधी एक पथ्य पाळा. तिच्यावरची धूळ पुसू नका. धूळ हाच वयाचा पुरावा. शिवाय बेळगावच्या चार पावसाळी महिन्यांत तिच्यावर जी बुरशी चढलीय, तिला ‘मूळ पॅटिना’, म्हणजे काळानं चढलेली झाक, म्हणायची सोय आहे.

अशी बंदूक आपल्या घरात आली कशी, हे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक घराला अमेरिकेतली एक आत्या किंवा दुबईतला एक काका असतोच. फोमचा बाण उडवणारी ही नर्फ या अमेरिकी ब्रँडची खेळणी त्यांच्याच बॅगेतून आली, साबण आणि चॉकलेटं यांच्यामध्ये दबून.

आता वय. बंदुकीच्या पोटाखाली बारीक अक्षरांत एक साल कोरलेलं असतं. ते असतं डिझाइनच्या हक्काचं. खेळणं त्यानंतर कितीतरी वर्षांनी साच्यातून निघालेलं असू शकतं. पण तुम्ही ती जन्मतारीखच धरा. आपल्या अर्ध्या गावाचा जन्म मास्तरांनी 1 जूनला लावून दिला आणि सरकारनं तो मुकाट मान्य केला, तिथं एका प्लॅस्टिकला कोण हटकणार? वर थोडा इतिहास पेरा. नर्फची सुरुवात झाली ती घरात खेळायच्या फोमच्या चेंडूपासून. रेन गायर या माणसानं 1969 साली ती कल्पना पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीला दिली. बाण मारणारा शार्पशूटर आला 1992 साली. सहा बाणांचं फिरतं चक्र असलेला मॅव्हरिक तर थेट 2005चा. तुमच्याकडचा हमखास मॅव्हरिकच असणार, पण भाषण 1992वर थांबवा.

खरी परीक्षा हवेची. आत एक नळकांडं, त्यात दट्ट्या, मागे स्प्रिंग. दट्ट्या पुढे आला की हवा दाबली जाते आणि बाण सुटतो. दारू नाही, बॅटरी नाही. जाणकार काय करतो? स्प्रिंग ओढून बंदूक कॉक करतो, नळीच्या तोंडावर तळहात गच्च दाबतो आणि चाप ओढतो. दट्ट्याभोवतीचं हवा अडवणारं सील शाबूत असेल तर दट्ट्या कोंडलेल्या हवेवर अडतो आणि दमानं, कुरकुरत पुढे सरकतो. हाताला हवेचा रेटा जाणवतो. सील गेलेलं असेल तर ‘फस्’ आणि लगेच ‘टाक्’. दट्ट्यावरची ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, वाळलीय, एवढाच त्याचा अर्थ. मात्र काही मॉडेलांत बाण नसताना हवा अडवणारी झडप असते. तिथं रिकाम्या नळीवर हात ठेवला तर सील फाटलेलं असूनही दट्ट्या झकास अडतो. विकणाऱ्याचं यावर विशेष प्रेम. तुम्हीही करा.

ओ-रिंग वाळली असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जाण्याचा मोह होईल. तिथं आयुष्यभर हायड्रॉलिकचे पंप आणि सिलिंडर जुळवलेली माणसं आहेत. नुसत्या बोटानं चाचपून सांगतील, ‘रिंग बदला की हो, जरा सिलिकॉन ग्रीस लावा, पळंल.’ रिंग मिळेलही चहाच्या पैशात. पण जाऊ नका. दुरुस्त झालेली बंदूक चालायला लागते, आणि चालणारी वस्तू पोरं मागतात. शिवाय रिंग बदलायला आवरण उघडावं लागतं आणि स्क्रूची डोकी झिजतात. ती झिजलेली डोकी बघूनच खरा गिऱ्हाईक भाव पाडतो. (ही गोष्ट मात्र मी गंभीरपणे सांगतोय. खरेदीला जाल तेव्हा आधी स्क्रू बघा.)

बाण मूळचे असतील तर ते कडक झालेले असतील, डोक्याचा डिंक सुटलेला असेल, चिमटीत धरला की चुरा पडेल. तो चुरा कुंद्याच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवा आणि ‘ओरिजिनल अ‍ॅक्सेसरीज’ म्हणून लिहा. हल्लीचे नवे बाण घालून बघायच्या भानगडीत पडू नका. ते साधारण 12.7 मिलिमीटर जाडीचे. काही जुन्या नळ्यांत ते नुसते पडतात, घरंगळून पायावर येतात. बंदूक शोकेसमध्ये कॉक करूनच ठेवावी, ऐटदार दिसते. महिनोन्‌महिने दबून स्प्रिंग मेली तरी काचेबाहेरून कळत नाही.

किंमत काढणं सगळ्यात सोपं. परदेशी लिलावाच्या साइटवर लोकांनी मागितलेला सगळ्यात मोठा आकडा घ्या. विकल्या गेलेल्या मालाचे भाव तिथंच शेजारी दिसतात, तिकडे बघू नका. आकड्याला डॉलरच्या दरानं गुणा, त्यात आत्याची माया मिळवा, आणि तुटलेला चाप वजा करायला विसरा.

एवढं झाल्यावर धाकटा भाऊ निपाणीहून उगवेल आणि आत्यानं बंदूक त्यालाच दिली होती म्हणेल. घाबरू नका. वाद सोडवायचा नसतो, चालवायचा असतो, हे आपल्या भागात कुणी कुणाला शिकवावं? एक समिती नेमा. तिचा अहवाल अमान्य करा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या 1967च्या महाजन आयोगाच्या अहवालाला महाराष्ट्रानं तेच केलं. मग कोर्टाचं नाव काढा. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तुमचं तर नुकतंच सुरू झालंय. तोपर्यंत ताबा तुमचा.

राहता राहिलं शेजारचं पोरगं. ते काचेला नाक लावून विचारणारच, ‘हे उडतंय काय?’ ताबडतोब ओरडा. मराठीत विचारलं तर मराठीत ओरडा, कन्नडात विचारलं तर कन्नडात. निदान इथं तरी दोन्ही भाषांना समान वागणूक मिळू द्या.