‘गायकच ऐकू येत नाही’ या तक्रारीला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडच्या इयरफोनला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "४९९ रुपये पाण्यात. गाण्यात गायकच ऐकू येत नाही, नुसती वाद्यं. बास नावालाही नाही. वायर शर्टाला घासली की कानात खरखर. वीस दिवसांत उजवी बाजू बंद. परत द्यायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा मराठीत धड बोलला नाही, कानात घातलेला माल घेत नाही म्हणाला." बेळगावच्या खडे बाजारातल्या या दुकानाचा मालक मीच. उत्तर जरा लांबेल, तेवढं सांभाळून घ्या.

आधी गायकाचं बघू. ही तक्रार मला नवी नाही. मागे खानापूरचा एक गिऱ्हाईक असाच आला होता, "मामा, गडी विहिरीतनं गाऊलाय बघा." म्हणून तुमचं बिल काढून बघितलं. त्याच बिलावर फोनचं जाड रबरी कव्हर आहे, तेही आमच्याकडचंच. तसलं कव्हर, त्याच मॉडेलचा फोन आणि खोक्यातला नवा कोरा इयरफोन घेऊन रात्री शटर ओढल्यावर बसलो. प्लग घातला, गाणं लावलं. गायक गायब! कव्हर काढलं, प्लग दाबला, ‘टक्’ झालं आणि बाई समोर येऊन गायला लागली.

होतं असं की या इयरफोनचा प्लग सरळ आहे आणि त्याची मान जाड आहे. कव्हरचं भोक त्या मानेपेक्षा बारीक. त्यामुळे ३.५ मिमीचा तो प्लग शेवटपर्यंत आत जातच नाही, नखाएवढा बाहेर राहतो. माइकवाल्या इयरफोनच्या प्लगवर तीन काळ्या रेघा आणि त्यांनी पाडलेले चार भाग असतात: डावा, उजवा, ग्राउंड (म्हणजे दोन्ही बाजूंची परतीची सामाईक वाट) आणि माइक. अर्धवट बसला की ग्राउंड सुटतं. मग डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज एकमेकांतून वजा होतो आणि उरलेला तेवढा कानात पडतो. स्टुडिओत गायकाचा आवाज बहुतेक मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा ठेवतात. सारख्यातून सारखं गेलं की काय उरणार? एका अंगाला ठेवलेली वाद्यं आणि थोडा घुमारा. खात्री करायची असेल तर एखादं जुनं मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज असलेलं, रेकॉर्डिंग लावा, जवळजवळ सगळंच नाहीसं होईल.

म्हणजे इयरफोन आमचा, कव्हर आमचं, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत हे विकताना आम्ही बघितलं नाही. ही चूक पूर्ण आमची.

उजवी बाजूही त्याच मानेनं घालवली असावी. अर्धा बाहेर राहिलेला सरळ प्लग खिशात बसता-उठता वाकतो. मानेचं रबर इतकं कडक आहे की वायर त्याच्यासोबत वळत नाही, जिथे रबर संपतं नेमकी तिथेच मोडते. आत केसासारख्या तांब्याच्या तारा असतात. वरून वायर धडधाकट दिसते आणि आत एक बाजू तुटलेली असते. तुमचा प्लग बोटानं थोडा वाकवून धरा, आवाज क्षणभर परत आला तर हेच. दुरुस्ती होते, पण या तारांवर वार्निशाचा लेप असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही. इतका खटाटोप ४९९च्या वस्तूसाठी कुणी करत नाही. डिझाइनला तुम्ही नावं ठेवलीत ती योग्यच. हा माल मी आता मागवणार नाही. काटकोनात वळलेला, बारीक मानेचा प्लग असलेलाच घेईन.

बासचं, म्हणजे खालच्या जाड आवाजाचं, मात्र मी तुमच्याशी भांडणार. कंपनी खोक्यातून मधल्या मापाचे बड, म्हणजे कानात बसणाऱ्या रबरी टोप्या, लावून पाठवते, लहान आणि मोठी जोडी बारक्या प्लास्टिकच्या पिशवीत असते. ती पिशवी निम्मे लोक खोक्यासोबत फेकतात. कानात बड घट्ट बसला नाही की बास फटीतून निघून जातो, मग आतला ड्रायव्हर, म्हणजे बारका स्पीकर, कितीही मोठा असो. बघा एकदा: इयरफोन घाला, गाणं लावा, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा आणि बड आत सरकवा. ढोलकी एकदम जाड झाली तर तुमचं माप चुकलंय. दोन कानांना दोन वेगळी मापंही लागू शकतात. माझ्या डाव्या कानाला मोठा बड लागतो, उजव्याला मधला. हे गिऱ्हाइकाला करून दाखवायचं सोडून "एक्स्ट्रा बास हाय बघा" म्हणत खोकं पुढे सरकवायची आमची सवय, ती मोडतोय.

खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. माणसाच्या कानाचा जेवढा आवाका मानतात तेवढाच छापलाय. त्यात कुठला सूर किती वर येतो, किती दबतो, याचा पत्ताच नाही. ‘१० मिमी ड्रायव्हर’चंही तेच, आकारावरून आवाज कळत नाही.

मग आवाज कसा आहे? मी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनावर तपासतो. आपल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, आणि त्यांचे तानपुरे म्हणजे इयरफोनची परीक्षाच. योग्य बड लावल्यावर या इयरफोनात आवाज अंगभर येतो, पण तबल्याचा डग्गा पसरतो आणि सुरुवातीच्या शब्दावर चढतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बोथट होते, दोन तानपुरे आहेत हे कळतच नाही. आवाज पाऊणच्या वर नेला तर ‘स’ टोचतो. बातम्या, कीर्तन, फोनवर बोलणं याला उत्तम. गाणं कान देऊन ऐकणाऱ्याला मी हा देणार नाही. तुम्ही काय ऐकता हे त्या दिवशी कुणी विचारलंच नसेल.

वायरची खरखर सगळ्याच कानात खोल बसणाऱ्या इयरफोनला थोडीफार असते. वायर कानावरून मागे घेतली की बरीच कमी होते.

आता मुलाचं. तो बैलहोंगलचा, येऊन दोन महिने झालेत. मराठी सगळं समजतं, बोलताना अडखळतो. कन्नडमध्ये "वापस आगंगिल्ल री" (परत होणार नाही हो) एवढंच म्हणाला असणार, आणि ते तुम्हाला तोडून टाकल्यासारखं वाटलं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. काउंटरवरची पाटी त्यानं वाचून दाखवली, आणि पाटी मी लावली होती. आवडला नाही म्हणून कानात घातलेला माल परत घेत नाही, तो नियम राहील. खराब निघालेल्या मालाला तो लागू नाही, हे पाटीवर लिहायचं राहून गेलं होतं. काल दोन्ही भाषांत नवी पाटी लावली.

तुम्ही शेवटी लिहिलंय की यापेक्षा टाइप-सीवालाच घेतला असता. घ्या, पण आपल्या फोनवर लावून बघूनच. काही स्वस्त टाइप-सी इयरफोनात आवाज बनवणारी चिप नसते, ते मोजक्याच फोनवर चालतात.

बिल हरवलं असलं तरी चालेल, आमच्याकडे नोंद आहे. पैसे हवेत तर पूर्ण ४९९ मिळतील. दुसरा इयरफोन हवा तर वळलेल्या प्लगचे दोन-तीन काढून ठेवतो, तुमच्या फोनवर तुमची गाणी लावून ऐका, बडचं माप मी स्वतः बसवून देतो. रिव्ह्यू आहे तसाच राहू द्या. येताना कव्हर विसरू नका, त्याचं भोक कटरनं मोठं करून देतो.