खिडकीची छिद्रं बुजवू नका: टेक्श्चरच्या घरांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपूरच्या बेसा, मनीषनगर, हुडकेश्वरकडच्या लेआऊटांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. टेक्श्चर केलेल्या, म्हणजे बाहेरून खरबरीत जाड रंगाचा थर दिलेल्या भिंतीतून पावसाचं पाणी शिरूच शकत नाही. तरी ओल आलीच तर बाहेरून दिसेल ते प्रत्येक छिद्र सिलिकॉनने बंद करा, भेगा पुट्टीने भरा, आतून वॉटरप्रूफ पुट्टी मारा आणि हे सगळं मे महिन्यातच उरका, असं त्यात म्हटलंय. माझ्या मामेभावाने तो वाचून सिलिकॉनच्या ट्यूब आणूनही ठेवल्यात. त्याने त्या उघडायच्या आत हे लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक सल्ला छिद्रांचा, म्हणून आधी तोच.

स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला दोन-तीन बारीक खाचा असतात. त्या चुकून राहिलेल्या नाहीत, मुद्दाम ठेवलेल्या आहेत. वाऱ्यासोबतचा पाऊस काचेवर आपटतो, ट्रॅकमध्ये साचतो आणि या खाचांतून बाहेर पडतो. त्या बंद केल्या की ट्रॅक भरतो. पाणी फ्रेमच्या कोपऱ्यातल्या जोडातून आणि स्क्रूच्या भोकांतून खालच्या विटांमध्ये उतरतं. मग खिडकीखालचं टेक्श्चर फुगतं आणि लोक म्हणतात, रंग निकृष्ट होता! तपासणी अगदी सोपी आहे. ट्रॅकमध्ये अर्धा लिटर पाणी ओता. ते बाहेर पडलं नाही तर खाचा तुंबल्या आहेत. धूळ, किडे, जुनं सिमेंट तारेने काढा. सिलिकॉन आधीच भरलं असेल तर कटरने कापून खाच पूर्ण मोकळी करा. फ्रेम आणि भिंत यांच्यातली वरची आणि दोन्ही बाजूंची फट मात्र जरूर भरा, आणि तीही पीयू सीलंटने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या लवचिक भरणाने. सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि आंबूस वासाचं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट चिकटतही नाही.

‘टेक्श्चरमधून पाणी शिरत नाही.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. चांगला अ‍ॅक्रिलिक थर सलग असेल तर त्यातून फारसं पाणी जात नाही. पण भिंत सलग नसतेच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात १९९५ च्या सुमारास हेच उघडकीला आलं. तिथे लाकडी सांगाड्याच्या घरांवर फोमचे बोर्ड आणि त्यावर कृत्रिम स्टको, म्हणजे आपल्या टेक्श्चरसारखाच लेप, लावलेला होता. काही वर्षांतच आतलं लाकूड कुजलेलं सापडलं. पाणी थरातून आलं नव्हतं. ते खिडक्यांच्या कडांतून आणि छत-भिंतीच्या जोडांतून शिरलं होतं आणि बाहेरचा थर घट्ट असल्यामुळे आतच अडकलं होतं. त्यानंतर तिथे थरामागे पाणी उतरायला वाट ठेवणारी पद्धत आली. आपल्या विटा कुजत नाहीत, हे खरं. पण लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी), छज्जा आणि कॉलममधली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते.

एलिव्हेशनवर, म्हणजे घराच्या दर्शनी भागावर, थर्माकोलच्या पट्ट्या लावल्या असतील तर त्यांचा माथा पाहा. तो सपाट असला की पाणी तिथेच थांबतं. त्याला १:२ चा उतार हवा, म्हणजे दोन भाग रुंदीला एक भाग उतार. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल तर पाणी उलट फिरून भिंतीकडे येतं.

‘भेगा पुट्टीने भरा.’ केसासारख्या भेगा लवचिक रंगाखाली झाकल्या जातात. पण कॉलम आणि विटांच्या जोडावरची उभी भेग पुट्टीने कधीच थांबणार नाही. उन्हाळ्यात ४५ अंश आणि जुलैत भिजलेली भिंत, यांत तो जोड हलत राहतो. ग्राइंडरने प्लॅस्टरच्या पूर्ण जाडीची, म्हणजे साधारण २० मिमी खोल आणि १० मिमी रुंद खाच कापा. धूळ ब्रशने काढा, १२ मिमीची फोमची दोरी दाबून बसवा, वर ६ ते ८ मिमी पीयू सीलंट भरा. दोरी वगळली तर सीलंट तळालाही चिकटतं आणि भिंत ताणली की फाटतं. ठोकल्यावर प्लॅस्टर पोकळ वाजत असेल तर मात्र भेग भरून उपयोग नाही. घट्ट भाग लागेपर्यंत ते काढा, सळई गंजली असेल तर तारेच्या ब्रशने घासून झिंक प्रायमर लावा, जोडावर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाळी घ्या आणि दोन थरांत प्लॅस्टर करा. सात दिवस पाणी मारा. टेक्श्चरला २८ दिवस थांबा.

‘आतून वॉटरप्रूफ पुट्टी.’ पाणी बाहेरून येतंय आणि तुम्ही आतलं दार लावताय. भिंत ओलीच राहते, क्षार फुलतात, पोपडे परत येतात. पैसे घालण्याआधी वाट शोधा. बाहेरून होजने पाणी मारा, पण खालून वर: आधी खिडकीच्या खाली, मग कोपरे, बाजू, वरची कड, छज्जा, शेवटी पॅरापेट (गच्चीचा कठडा). प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं द्या. आत ओल दिसली की शेवटचा टप्पा तुमचा गुन्हेगार. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

भिंतीच्या पायथ्याची ओल वेगळी. अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना लोक पातळी वाढवतात आणि टेक्श्चरचा खालचा भाग मातीत जातो. जमिनीपासून २०० मिमी मोकळे ठेवा.

मे महिन्याचं म्हणाल तर भिंत तेव्हा कोरडी असते, इतकंच बरोबर. पण दुपारी तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर थर लावला तर वरचा पापुद्रा वाळतो आणि खालचा कच्चा राहतो. पश्चिमेची भिंत सकाळी करा, पूर्वेची संध्याकाळी. प्लॅस्टरचं काम असेल तर मार्चमध्येच सुरू करा, नाहीतर २८ दिवस संपायच्या आत मृगाचा पाऊस येईल.