अमेरिकेचं नाव व्हेस्पुचीने चोरलेलं नाही

‘कोलंबसाने भूमी शोधली आणि अमेरिगो व्हेस्पुचीने लबाडीने तिला स्वतःचं नाव देऊन टाकलं’ हा मजकूर दर ऑक्टोबरात, कोलंबस दिनाच्या सुमारास, फिरतो. व्हेस्पुची हा त्याच काळातला इटालियन दर्यावर्दी. मेलेल्या माणसावरचा हा चोरीचा आळ मला खरोखर खटकतो.

मुळात नाव त्याने दिलंच नाही. फ्रान्सच्या पूर्वेला सां-दिए नावाचं गाव आहे. तिथे 1507 मध्ये मार्टिन वाल्डसेम्युलर या नकाशाकाराने बारा कागद जोडून भिंतभर मावेल असा जगाचा नकाशा तयार केला. त्यात खाली डावीकडे एक लांबट, निमुळता भूभाग आहे. आज जिथे ब्राझील येतो, साधारण त्या भागात ‘अमेरिका’ हा शब्द पहिल्यांदा उमटला. सोबतच्या पुस्तिकेत कारणही दिलंय: हा खंड अमेरिगोने शोधला, तेव्हा त्याचं नाव द्यावं, आणि युरोप, आशिया ही नावं स्त्रियांवरून आली, म्हणून हेही स्त्रीलिंगी. व्हेस्पुची तेव्हा स्पेनमध्ये होता. त्याच्या नावावर छापल्या गेलेल्या पत्रात या भूमीला सुचवलेलं नाव होतं ‘नवं जग’.

मग कोलंबसाचं नाव का नाही? आपण आशियाच्याच काठाला लागलो, हे मत त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याची ती समजूत आपण क्रिकेट बघताना अजून उच्चारतो: वेस्ट इंडीज!

दोघांचं वैर होतं, हेही खोटं. फेब्रुवारी 1505 मध्ये कोलंबसाने मुलाला, दिएगोला, लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. व्हेस्पुची भला माणूस आहे, नशिबाने त्याला साथ दिली नाही, माझ्यासाठी होईल ते करायची त्याची तयारी आहे, असं त्यात आहे. चोराबद्दल कुणी असं लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. व्हेस्पुचीच्या नावावर छापलेली 1497 ची सफर, म्हणजे कोलंबसाआधी या खंडाच्या मुख्य भूमीवर पोचल्याचा दावा, बहुतेक अभ्यासकांना पटत नाही. तो मजकूर त्याचा की छापणाऱ्यांनी रंगवलेला, हा वाद जुना आहे. पण त्यावरून खंडाचं नाव ढापल्याचा आरोप सिद्ध होत नाही.

खुद्द वाल्डसेम्युलरने 1513 च्या नकाशात ते नाव गाळलं आणि शोधाचं श्रेय कोलंबसाला दिलं. तोवर नाव पसरलं होतं. 1538 मध्ये नकाशाकार मर्केटरने ते उत्तर आणि दक्षिण, दोन्ही खंडांवर लिहिलं. तेव्हा व्हेस्पुचीला जाऊन 26 वर्षं झाली होती.