माळवद, किल्लारी आणि चादरीचा माग

आमच्या दक्षिण सोलापुरात माळवद, म्हणजे लाकडावर मातीचे थर दिलेलं सपाट छत, उतरवून स्लॅब टाकला, की घर एकदाचं पक्कं झालं असं मानतात. शहरातली जाणती मंडळी मात्र मातीच्या घरातला गारवा आठवून हळहळतात. उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की हा वाद पुन्हा पेटतो, आणि मी जर्मनीत वास्तुरचना शिकवतो म्हणून दोन्हीकडचे लोक मला साक्षीला ओढतात. माझं म्हणणं कुणालाच पटत नाही. माती चांगली की वाईट, हे बोलून ठरत नाही. ती मळावी लागते, रचावी लागते, मोडून बघावी लागते. आपल्या आर्किटेक्चरच्या शिक्षणात नेमकं तेच फार कमी होतं.

मातीची भीती खोटी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. माझा चुलतभाऊ म्हणतो, "दादा, तू तिकडं बसून मातीचं कौतुक करणार, माळवदाखाली झोपायचं आम्ही." बरोबर आहे त्याचं. पण ती घरं पडली कशी, हे बघायला हवं. दगडी भिंतीची आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, पण जुना काढायचा नाही. छताचं वजन पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं आणि खापर फुटलं मातीवर. मातीची घरं भूकंपात टिकावीत कशी, हे सांगणारं भारतीय मानक, आयएस १३८२७, त्याच १९९३ सालचं आहे. त्याबरहुकूम एक तरी भिंत स्वतः उभारलेले किती विद्यार्थी आपल्याकडे सापडतील?

जर्मनीत मातीच्या विटा आणि गिलाव्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय मानकं आहेत. डार्मस्टाटला २०१९ साली एका मोठ्या कंपनीचं मुख्यालय ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या भिंतींनी उभं राहिलं. माझी पहिल्या वर्षाची मुलं बरणीत माती आणि पाणी ढवळून ठेवतात. वाळू तळाशी बसते, तिच्यावर गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. मग विटा पाडायच्या, वाळवायच्या, यंत्रात घालून फुटेपर्यंत दाबायच्या. चिकण जास्त झाली की वीट वाळतानाच तडकते. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच, आणि म्हणूनच जुन्या लोकांनी घराला काळी सोडून पांढरी घेतली. हे पुस्तकात वाचलेला मुलगा विसरतो, तडकलेली वीट हातात धरलेला विसरत नाही.

पण जर्मनीत एक उणीव मला रोज जाणवते. हात नाहीत. गवंड्याची मजुरी परवडत नाही, म्हणून सगळं संशोधन यंत्रमानवाकडे वळतं. सोलापुरात गवंडी आहेत, शिवाय विणकर आहेत, आणि कापड हे बांधकामाचं साहित्य आहे हे आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात मार्क वेस्ट यांनी लाकडी सेंटरिंगऐवजी कापडात काँक्रीट ओतून खांब आणि तुळया घडवल्या. कापडातून जादा पाणी आणि हवा पाझरून जाते, पृष्ठभाग दाट होतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली यंत्रावर विणलेलं कापड सुटकेसमध्ये भरून मेक्सिको सिटीला नेलं आणि त्यावर पाच टनांचं काँक्रीटचं कवच उभं केलं. कुठे ताण हवा, कुठे वीण घट्ट, कुठे सैल, हे जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर काढणाऱ्याला कुणी शिकवायला नको. आणि सोलापुरात ते माग भंगारात जाताहेत.

सोलापुरातल्या मुलांचं एक अख्खं सत्र यंत्रमागाच्या कारखान्यात आणि गवंड्याबरोबर जावं. चादरीच्या कापडात तुळई ओता, पांढरीची भिंत मानकाप्रमाणे रचा, दोन्ही मोडून बघा. आणि त्या विणकराला, गवंड्याला पाहुणा म्हणून हार-नारळ देऊन परत पाठवू नका. प्राध्यापकाला मिळतं तेवढंच तासाचं मानधन त्यांना द्या, आणि मुलांच्या गुणपत्रिकेत त्यांचाही शेरा धरा.