'काका, जग बदललंय' म्हणणाऱ्या वाचकास

'केबिनमधून मेसेज टाकणारे साहेब' या माझ्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. कटू गोष्ट माणसाला तोंडावर न सांगता मेसेज-मेलवर टाकणारे साहेब भित्रे, असं मी त्यात म्हटलं होतं आणि बेटर डॉट कॉम या अमेरिकी गृहकर्ज कंपनीतल्या नोकरकपातीचं उदाहरण दिलं होतं. खाली नाव नाही, नुसतं 'स्पष्टवक्ता'. स्पष्टवक्त्याला नाव झाकावं लागतं, ही गंमत तूर्त बाजूला ठेवतो. प्रतिक्रिया थोडक्यात अशी: "काका, जग बदललंय. लेखी दिलं की पुरावा राहतो. समोरासमोर बोलणं सगळ्यांना जमत नाही, अशांना भित्रं ठरवणं बरं नव्हे. बेटर डॉट कॉममधली कपात ईमेलने झाली हे चूक आहे, ती झूमवर झाली. तुम्ही स्वतः कधी माणसं सांभाळलेली दिसत नाहीत, म्हणून समोर बसून बोलण्याचं एवढं कौतुक. आणि लेख फार लांब आहे."

आधी आपलं बरोबर आहे ते. त्या कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ९०० जणांना कामावरून काढलं ते झूम कॉलवर. लेखात तशी दुरुस्ती केली आहे, आभार. ईमेलचंच उदाहरण हवं असेल तर रेडिओशॅक ही अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची कंपनी घ्या. २००६ साली टेक्सासमधल्या मुख्यालयातल्या सुमारे ४०० जणांना त्यांनी ईमेलनेच कळवलं होतं. म्हणजे तपशील चुकला, मुद्दा जिथल्या तिथे आहे.

आता 'काका'. वय झालंय, नाकारत नाही. पण ज्याचं म्हणणं खोडायचं त्याला आधी काका करून ओसरीवर बसवायचं, ही युक्ती आमच्या वेळीही होती. जग बदललंय म्हणून माणसाला तोंडावर काही सांगायची जबाबदारी संपली, असं कुठे ठरलं तेवढं कळवा.

आणि 'माणसं सांभाळलेली दिसत नाहीत'. हे वाक्य आपण कशावरून लिहिलंत? सातपूरच्या एमआयडीसीत मशीन शॉपला मी शिफ्ट इनचार्ज होतो, वर्षानुवर्षं, तिन्ही पाळ्या फिरून. हाताखाली ऑपरेटर, हेल्पर, ट्रेनी आणि कॉन्ट्रॅक्टची पोरं. सणाच्या आदल्या दिवशी निम्मी पाळी गैरहजर असताना डिस्पॅच कसा काढतात ते विचारा, सांगतो.

एक प्रसंग सांगतो, कारण आपल्याला पुराव्याची आवड आहे. पातळ भिंतीच्या एका बुशचं, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्याचं, रिजेक्शन (नापास माल) अचानक वाढलं. बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हल येत होता. आमच्या मॅनेजरसाहेबांची काचेची केबिन मशीनपासून हाकेच्या अंतरावर. साहेब बाहेर आले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला: 'रिजेक्शन का वाढलं? आजच उत्तर हवं.' ग्रुपमध्ये प्लँट हेडपासून क्वालिटीपर्यंत सगळे. उत्तरं आली ती अशी: 'चेक करतो सर', 'नोटेड सर' आणि अंगठे. संध्याकाळपर्यंत अंगठेच अंगठे, आणि नापास मालाचा लाल ट्रे भरत चाललेला.

मी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. काही विचारलंही नाही. ऑपरेटरने वेस्टने (पुसायच्या सुताने) हात पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि चकाच्या, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीच्या, प्रेशर गेजकडे नुसती मान हलवली. आधीच्या पाळीत जॉब सटकत होता म्हणून कोणीतरी क्लँपिंगचं प्रेशर वाढवून ठेवलेलं. एवढा पातळ जॉब तेवढ्या दाबाखाली चकात असेपर्यंत गोल दिसतो, चकाचे जबडे, म्हणजे जॉ, सुटले की आकार बदलतो. प्रेशर उतरवलं, सॉफ्ट जॉ पुन्हा बोअर करून घेतले, माल सरळ आला. त्या पोराला हे सकाळपासून ठाऊक होतं. पण प्रेशर वाढवणारा त्याच्याच चाळीत राहणारा, सकाळी एकाच बसने येणारा. सगळ्यांच्या देखत ग्रुपवर त्याचं नाव तो लिहील? तुम्ही लिहिलं असतं? तुम्ही तर इथे स्वतःचंही लिहिलेलं नाही.

साहेबांना याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. त्यांच्याकडे 'नोटेड सर'चा भक्कम लेखी पुरावा मात्र होता.

माणसं सांभाळणं याला म्हणतात, भाऊ. कोण गप्प झालाय, कोणाचे डोळे लाल आहेत, कोण 'हो साहेब' म्हणतो तेव्हा खरं म्हणतो आणि कोण कटकट नको म्हणून. हे इनबॉक्समध्ये उतरत नाही. मी उगाच 'समोर बसून' म्हणत नाही. खरं तर बहुतेक वेळा उभ्यानेच बोलायचो. शॉपवर बसायला वेळ कुणाला असतो?

लेखी हवंच, हे मीही लेखात म्हटलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात आहे, तिथवर पोहोचला असाल तर. पण कामगारावर कारवाई करतानाही नुसता कागद पुरत नाही. कारखान्यातल्या नोकरीचे नियम ठरवणाऱ्या १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली आमच्याकडे आरोपपत्र लेखी द्यायचे, आणि मग चौकशीत त्या माणसाला समोर बसवून त्याचं ऐकायचे, त्याला साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यायचे. कागद टेबलावर आणि माणूसही टेबलाशी. तुमच्या साहेबांना यातलं निम्मंच हवं असतं, आणि तेही स्वतःच्या फाइलसाठी.

ज्यांना खरोखरच समोर बोलणं जड जातं त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. माझा लेख त्यांच्यावर नव्हता. मी लिहिलं ते क्लायंट आला की तासभर हसून बोलणाऱ्या, पार्टीत माइक न सोडणाऱ्या आणि इन्क्रीमेंट कापलं हे मात्र शुक्रवारी संध्याकाळी मेलवर टाकून गाडी काढणाऱ्या साहेबांबद्दल. त्यांना भित्रं म्हटलं. आजही म्हणतो.

राहिली लेखाच्या लांबीची तक्रार. मधेच सोडून द्यायची मुभा होती, आणि प्रतिक्रिया पाहता तुम्ही ती घेतलेली दिसते. पुढचा लेख ओव्हरटाइमच्या हिशेबावर आहे, तोही लांबच होईल. त्यावर लिहाल तेव्हा नावानिशी लिहा. निनावी प्रतिक्रिया यापुढे छापणार नाही.